आबांचं ॲव्हरेज

चाचणीच्या दिवशी आबा अनवाणी गाडी चालवतात. चपला सीटखाली सरकवायच्या, उजवा पाय गमछ्यानं पुसायचा आणि मग तो ॲक्सिलरेटरवर असा ठेवायचा, की जणू झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण टाकतोय. "चपलेला डिझेल कळत नई," असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर एकशे तीस किलोमीटर ते एक शब्द बोलत नाहीत. चहा नाही, तंबाखू नाही. पाणी प्यायचं झालं तर दोन्ही फेऱ्यांत एकाच ठिकाणी आणि सारखंच. काटा पंचेचाळीसवर. मागून हॉर्न वाजतात, बाजूनं जाणारे रिक्षावाले गुजरातीत त्यांच्या वयाची चौकशी करतात, पण आबांचा पाय केसभर हलत नाही.

आबा मूळचे खानदेशातले. सुरतेत लिंबायतच्या यंत्रमागांवरून कोऱ्या कापडाचे ताके, म्हणजे तागे, पिकअपमध्ये भरायचे आणि रंगाईच्या मिलला पोचवायचे, हा त्यांचा पंचवीसेक वर्षांचा धंदा. घरी अहिराणी बोलतात, आमच्याशी बोलताना मराठीत अहिराणी मिसळतात. त्यांच्या तोंडी 'आहे'चं 'शे' होतं आणि 'माझं'चं 'मन्हं'. टेम्पो स्टँडवर दहा ड्रायव्हर जमले आणि गाडीच्या ॲव्हरेजच्या गप्पा सुरू झाल्या की प्रत्येक जण आपापली गाडी एकेक किलोमीटरनं पुढे ढकलतो. कोणी चौदा सांगतो, कोणी पंधरा. आबा ऐकत राहतात आणि शेवटी म्हणतात, "जिभेला डिझेल लागत नई ना, म्हणून."

मी जालन्याकडचा. उधन्यात माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. मी कमी बोलतो. गिऱ्हाइकांना ते आवडतं, त्यांना वाटतं हा माणूस फसवणार नाही. हे कमी बोलणं माझ्या किती उपयोगाला आलं, ते आज सांगून टाकायचं आहे.

डिझेल वाचवणाऱ्या वस्तूंचं बाजारात पीक येतं. दर वर्षी नवं काहीतरी. टाकीत टाकायच्या गोळ्या, हवेच्या नळीत बसवायचा छोटा पंखा, पाण्याची बाटली जिच्यातून बुडबुडे इंजिनात जातात, सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायची निळ्या दिव्याची डबी. विकणारा म्हणतो, पिकअपला लावा, वीस टक्के बचत. ड्रायव्हर विचारतो, खरंच? आणि आमच्या भागात या 'खरंच?'चं उत्तर द्यायचा अधिकार एकाच माणसाला होता. लोक वस्तू घेऊन थेट आबांकडे यायचे.

आबांनी कधी कुणाला हसून परत पाठवलं नाही. मला याचं नेहमी नवल वाटायचं. ती निळ्या दिव्याची डबी त्यांनी तीन रविवार गाडीला लावून मोजली, फरक शून्य आला, मग उघडून बघितली. आत एक दिवा आणि दोन वायरी. स्टँडवर हसण्याचा नुसता धबधबा. आबा मात्र डबीवाल्याला म्हणाले, "दिवा चांगला शे पण." आणि तो दिवा काढून घरी देवाजवळ लावला. अजून चालतो.

गंमत अशी, की दर वेळी त्यांना मनापासून वाटायचं, या वेळी निघेल. शनिवारी संध्याकाळी ते टायरची हवा तपासायचे, एअर फिल्टर झटकून साफ करायचे आणि लहान मुलाला उद्या जत्रेला जायचं असावं तसे हसत हसत घरी जायचे. सोमवारी कुणी विचारलं, "काय झालं आबा?" तर म्हणायचे, "नई जमलं. पण टायरमध्ये हवा बरोबर ठेव आणि पाय हलका ठेव. फुकटचं यंत्र शे ते." आणि पुन्हा पुढच्या गोळीची, पुढच्या डबीची वाट पाहायचे.

चाचणीची रीत त्यांची स्वतःची होती. दिवस रविवारचा, कारण मिल बंद, रस्ता मोकळा. बारडोलीच्या कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की हंगामभर चाचणी बंद. गाडीत वाळूची पोती, वजनकाट्यावर तोललेली, नेहमी तीच. उधना ते बारडोली आणि परत, अशा दोन फेऱ्या. निघताना टाकी काठोकाठ भरायची, आल्यावर पुन्हा काठोकाठ भरायची. दुसऱ्यांदा जेवढं डिझेल मावलं तेवढं गाडीनं खाल्लं.

आता काठोकाठ म्हणजे काय, यातच सगळी मेख आहे. पंपाचा नोझल खट् करून बंद होतो तेव्हा टाकी भरली असं आपल्याला वाटतं. ती भरलेली नसते. डिझेलला फेस येतो, टाकीच्या कोपऱ्यात हवा अडकते. ती काढायला गाडी हलवावी लागते. मागच्या बाजूला उभं राहून, हौद्याला दोन्ही हात लावून, अंगाचा सगळा जोर लावून गाडी डावी-उजवी झुलवायची. स्प्रिंगचे पाटे कुरकुरतात, टाकीतून गुडगुड आवाज येतो आणि वर आलेलं डिझेल झपकन खाली बसतं. पुन्हा भरायचं, पुन्हा झुलवायचं. पंपावरचा माणूस ओरडायचा, "काका, हवे बस करो, छलकाशे!" आबा टाकीच्या तोंडाशी डोळा लावून म्हणायचे, "सांडलं तर मन्हं सांडी. भर."

आणि गाडी झुलवायची कुणी? तर ज्यानं वस्तू आणली त्यानं. "ज्याचा माल, तो सोबत," हा आबांचा नियम. विकणाऱ्यानं स्वतः शेजारी बसायचं, स्वतः गाडी झुलवायची, स्वतःच्या डोळ्यांनी काटा बघायचा. म्हणजे उद्या तो म्हणायला नको, की आबानं लबाडी केली. समोरच्याला न्याय मिळावा म्हणून केलेला नियम होता तो.

आकडा आला की ताक्यांवर खुणा करायच्या खडूनं ते आपल्या बाजूच्या दाराच्या आतल्या अंगाला लिहायचे. वस्तू पास झाली तर स्टँडवर दार उघडं ठेवायचं, नापास तर बंद. इतकी वर्षं ते दार कधीच उघडं राहिलं नव्हतं. गाडीचा आकडा भरल्या वजनाला लिटरमागे साडेअकरा होता. काहीही लावा, साडेअकरा.

मग मी लोहचुंबक आणले.

डिझेलच्या नळीवर दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे बसवायचे चुंबक. विकणाऱ्यानं मला सांगितलं, यानं डिझेलचे कण मोकळे होतात. मला ते खरं वाटलं का? अर्धं वाटलं. उरलेलं अर्धं मी विचारायचं टाळलं. दोन खोके माल उचलला, तो फळीवर बसून राहिला. गिऱ्हाईक हातात घेऊन बघायचं आणि विचारायचं, "आबांनी बघितलं का?"

पहिल्या रविवारी सगळं रीतीप्रमाणे झालं. निघताना मी गाडी अशी झुलवली की आबा खूश झाले. "देवानं तुला एवढं पोट यासाठीच दिलं, शेठ," म्हणाले. परत आलो, नोझल बंद झाला, आबा म्हणाले, "हं, हलव." मी हात लावले आणि पाठीत अशी चमक भरली की जोरच येईना. गाडी जरा डुलली, बस. सांगायला हवं होतं. तोंडातून फक्त दोन-चार हुंकार काढले. आबांना टाकीच्या तोंडाशी डिझेल चमकताना दिसलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला, परत केला.

"तेरा," ते म्हणाले.

मी त्यांचा चेहरा पाहिला. साठीतला माणूस पंपावर अनवाणी उभा आणि हसतोय. "शेठ, तेरा रे! निघालं!" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, नेमकी चमक भरलेल्या जागी.

एकदाच झालं असतं तर मी आज पाठीचं नाव सांगितलं असतं. पण त्यांचा नियम तीन रविवारांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी माझी पाठ ठणठणीत होती. मी हात लावला, दात आवळले, हुंकार दिला आणि जोर लावला नाही. टाकीत सव्वा लिटर हवा ठेवली, तेवढं डिझेल कमी मावलं.

सोमवारी स्टँडवर आबांच्या गाडीचं दार सताड उघडं होतं. आत खडूनं एकाखाली एक तीन आकडे, तिन्ही तेरा. ते स्वतः दाराशेजारी उभे राहून पान खात होते. माझे दोन्ही खोके संपले, तिसरा मागवला.

महिन्याभरात कुरबुर सुरू झाली. भगवान नावाचा एक ड्रायव्हर होता, तोंडाचा तिखट. तो म्हणाला, "आबा, तुमचा चुंबक आमच्या गाडीला ओळखत नाही वाटतं."

"पाय जड असेल तुझा," आबा म्हणाले.

"मग तुमचा हलका पाय बसवा माझ्या गाडीत."

आबांनी ते मनावर घेतलं. अनवाणी त्याच्या गाडीत बसले आणि बारडोलीला जाऊन आले. फरक नाही. दुसऱ्या एकाच्या गाडीत बसले. नाही. मग स्वतःची गाडी काढली. या वेळी ते मला बोलवायला आले होते. मी लग्नाला जायचंय म्हणून सांगितलं. त्यांनी स्टँडवरच्या एका हमालाला सोबत नेलं. साडेअकरा. पुढच्या रविवारी साडेअकरा. त्याच्या पुढच्या रविवारीही.

दुसरा कुणी असता तर त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं असतं. आबांच्या मनात ते आलंच नाही. त्यांनी संशय घेतला तो स्वतःवर. सगळ्यांना गोळा करून ते म्हणाले, "मन्ही मोजणी चुकली. तीनदा चुकली. यापुढं मन्हा शब्द धरू नका." आणि ओल्या फडक्यानं दार पुसून टाकलं. मी तिथंच उभा होतो. कमी बोलणारा माणूस.

पुढच्या पाचसहा महिन्यांत स्टँडवरच्या गप्पांत ॲव्हरेज पुन्हा पंधरा-सोळावर गेलं. आबा खाली बघत राहायचे. कुणी नवीन गोळी आणली तर म्हणायचे, "दुसऱ्याला विचार, भाऊ." भगवाननं एकदा त्यांच्या खिशाला चुंबक चिकटवून पाहिला. आबांनी तो काढून त्याच्या हातात परत दिला, इतकंच.

मग एका दुपारी काकू दुकानात आल्या. आबांच्या पत्नी. कधी येत नसत.

"भाऊ, तुम्हीच सांगा त्यांना काहीतरी. गाडी विकायला काढली. रविवारी बारडोलीचा माणूस बघायला येतोय."

"का?"

"म्हणतात, डोकं जात चाललंय. डोळे तपासले, डोळे ठीक शेत. तर म्हणतात, मग डोकंच. त्यांचे थोरले भाऊ तसेच गेले ना, गावाकडं. शेवटी घर ओळखेनात. हे आता तीनतीनदा कडी बघतात. मीठ मीच घातलं का, असं मला विचारतात. काल रस्त्यात गाडी थांबवून उभे राहिले, म्हणे डावीकडं वळायचं की उजवीकडं, खात्री नव्हती. पंचवीस वर्षांचा रस्ता, भाऊ!"

मी त्यांना पाणी दिलं. त्या गेल्यावर फळीवरचे उरलेले चुंबक मी पिशवीत भरले.

रविवारी सकाळी स्टँडवर बारडोलीचा माणूस गाडीभोवती फिरत होता. आबा चावी हातात घेऊन उभे. भगवान आणि आणखी सहासात जण बाकड्यावर. मी जाऊन म्हणालो, "आबा, गाडी विकू नका."

"का? तुला घ्यायची शे?"

"ते तीन रविवार. परत आल्यावर मी गाडी झुलवली नाही. हात लावला, जोर लावला नाही."

आबा चावी घेऊन माझ्याकडे वळले.

"पहिल्या वेळी पाठीत चमक भरली होती. पुढच्या दोन वेळी मुद्दाम."

मला वाटलं आता थोबाडीत बसेल. मी त्यासाठी गाल तयार ठेवला होता. आबांनी डोळे मिटले आणि बोटं मोजायला लागले.

"म्हणजे टाकीत हवा राहिली."

"हो."

"सव्वा लिटरची."

"हो आबा."

"म्हणजे मी बरोबर मोजलं?"

"बरोबर मोजलं."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

त्यांनी डोळे उघडले. पंपावर तेराच्या वेळी पाहिला होता त्यापेक्षाही मोठा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता, आणि तो माझ्यासाठी नव्हता, हे मला बरं वाटलं. त्यांनी चावी खिशात टाकली. बारडोलीवाल्यानं विचारलं, "तो काका, गाडी आपवानी नथी?"

"नथी आपवानी. नई विकायची," आबा म्हणाले.

मग बाकड्यावर एकच गलका झाला. "सव्वा लिटर हवा विकली रे यानं आपल्याला!" भगवान उठून माझ्या अंगावर आला. "आणि आम्ही या म्हाताऱ्याला येडं ठरवलं! शेठ, तुमच्यापेक्षा ती निळी डबी बरी, तिच्यात दिवा तरी होता." मी पिशवी खाली ठेवली. ज्याला ज्याला दिला त्याचा चुंबक परत घेईन म्हणालो. तसं केलंही.

आबांनी भगवानला हातानं मागे सारलं. "थांब. हा लबाड शे, पण चूक मन्हीच. ज्याचा माल त्याच्याच हातात गाडी दिली मी." ते स्वतःशीच विचार करत होते, एखाद्या न बसणाऱ्या नटबोल्टाचा करावा तसा. मग मला म्हणाले, "आता सांग, का केलं?"

"आबा, तेरा आल्यावर तुमचा चेहरा पाहिला. मग मला राहवलं नाही."

"मन्हा चेहरा कशाला मधी आणतो? दुकान होतं ना तुझं?"

मी पायाजवळच्या पिशवीकडे बघितलं.

"दुकान सांग."

"हो. दुकान होतं. माल पडून होता."

"हं," ते म्हणाले. "आता मोजणी जमली."

त्या दिवसापासून माझ्यावर एक शिक्षा आहे, ती अजून चालू आहे. आबांच्या गाडीला मी हात लावायचा नाही. आरशावरची धूळसुद्धा पुसायची नाही. माझ्या दुकानातून बल्ब घेतला तरी बसवायला दुसरा माणूस. पहिले काही महिने ते माझ्याशी बोललेही नाहीत. काकू मात्र येता-जाता थांबायच्या आणि सांगायच्या, "आता मीठ विचारत नाहीत."

त्यांनी स्वतःचा नियम बदलला. ज्याचा माल तो सोबत, पण हात खिशात. गाडी झुलवायला हमाल. आणि जिथं माणूस चुकतो तिथं पुन्हा मोजायला लाजायचं नाही, म्हणून तीनऐवजी चार रविवार. आता उधन्यातूनच काय, बारडोलीहूनही लोक वस्तू घेऊन येतात. इतक्या वर्षांत एकही वस्तू पास झालेली नाही. दार बंदच असतं. पण माझ्या दुकानात कुणी बचतीचं यंत्र मागितलं तर मी टायरची हवा तपासायचा गेज पुढे करतो आणि आबांचं नाव सांगतो. नाव सांगताना माझी छाती फुगते. मला तो हक्क आहे की नाही, ते माहीत नाही.

गेल्या महिन्यात एक विक्रेता आला. टाय, ब्रीफकेस, हवेच्या नळीत बसवायचं स्टीलचं चक्र. मी त्याला आबांकडे पाठवलं. संध्याकाळी आबा स्वतः दुकानात आले. माझ्याशी धड बोलून त्यांना बराच काळ लोटला होता.

"रविवारी सकाळी पंपावर ये."

"मी? आबा, मला तर हात..."

"हात लावायचा नई. उभं राहायचं. हमालाच्या हाताकडं बघायचं. जोर लावतो की नुसता दाखवतो, ते तुला जितकं कळतं तितकं या सुरतेत कुणाला कळत नई."

मी गेलो. गाडीपासून दहा पावलांवर उभा राहिलो. विक्रेता पलीकडे खिशात हात घालून उभा. पहिल्या भरतीला हमालानं गाडी चांगली झुलवली. दोन फेऱ्या करून आबा परत आले, उतरले, नोझल खट् झाला. हमाल घामाघूम झाला होता, ऊन तापलं होतं. त्यानं हौद्याला हात लावले, मान मागे टाकली, तोंडानं हुंकार दिला. गाडी डुलली.

आबा टाकीच्या तोंडाशी वाकलेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण थांबले.

"आबा," मी म्हणालो, "खांदे हलले नाहीत त्याचे. परत झुलवायला सांगा."

"ऐकलं ना?" आबा वर न बघता हमालाला म्हणाले. "हलव."